पावशाची हाक आणि राधानगरीचे रान

कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर एकाच जिल्ह्यात दोन निराळे देश नांदत असल्याचा भास होतो. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याची सपाट, काळी जमीन आहे. तेथे वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावडा आहे. तेथे हाच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. या दोन टोकांतील अंतर मात्र शंभर किलोमीटरच्या आसपास. मधोमध पंचगंगेच्या काठी वसलेले कोल्हापूर शहर या दोन्ही देशांवर जगते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून घाटमाथ्यावरचे भात आणि नदीकाठचा गूळ एकाच शहराच्या वह्यांत जमा होत आला. या पेठेचा वर्षाचा हिशेब मृगाच्या पावसावर उभा असतो, आणि त्या पावसाची वर्दी देणारा म्हणून ज्याची ख्याती आहे तो पक्षी म्हणजे पावशा.

पावशा दिसत नाही, ऐकू येतो. चैत्राच्या उन्हात पश्चिमेकडील झाडीतून त्याची हाक सुरू होते आणि वैशाखात तिला खंड राहात नाही. मराठी शेतकऱ्याला त्या हाकेत ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. हिंदी मुलखात तोच स्वर ‘पी कहाँ’ म्हणजे ‘प्रियकर कुठे’ असा विचारतो. बंगाल्याला तो ‘चोख गेलो’, डोळे गेले हो, असा विलाप वाटतो. हिंदुस्थानातील उन्हाळ्याने आणि रात्रभर न थांबणाऱ्या या ओरडण्याने बेजार झालेल्या इंग्रज साहेबांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला, आणि त्यांनी पक्ष्याचे नावच ‘ब्रेन फीव्हर बर्ड’ ठेवले. पक्षी एक, गळा एक; ज्याच्या मनात जे, ते त्याला ऐकू आले. या चौघांत कामाचे बोलणारा एकटा मराठी माणूस निघाला, असे म्हटल्यास ते स्वभाषेचे कौतुक समजून सोडून द्यावे.

हाकेची घडण ओळखण्यास सोपी आहे. तीन-चार अक्षरांचा एक तुकडा. तोच पुन्हा, पण आधीपेक्षा वरच्या पट्टीत. पुन्हा, आणखी वर. पाच-सहा वेळा असा चढत चढत स्वर टिपेला पोहोचतो आणि तेथे एकाएकी तुटतो. ऐकणाऱ्याला वाटते, आता सुटका झाली. मिनिटा-दोन मिनिटांत तळापासून पुन्हा आरंभ होतो. चांदण्या रात्री हा क्रम तासन् तास चालतो. मादीचा आवाज यापेक्षा अगदी वेगळा, खरखरीत आणि तुटक असतो. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या हाकेच्या मागावर जावयाचे असेल तर कोल्हापुरातून राधानगरीचा रस्ता धरावा. रंकाळ्याचा काठ सोडून पुईखडीचा चढ चढला की शहर मागे पडते. हळदी, परिते ही गावे ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना भोगावतीच्या पाण्यावर वाढलेला ऊसच ऊस दिसतो. परित्याच्या साखर कारखान्याच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात, उसाची सलगता मोडते आणि भाताच्या खाचरांच्या पायऱ्या सुरू होतात. सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर राधानगरी येते. शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब यांच्यावरून या गावाला हे नाव मिळाले, आणि गतशतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी भोगावतीवर जे धरण बांधावयास घेतले त्याच्या जलाशयास महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. जिल्ह्याच्या आजच्या संपन्नतेचा पाया त्या धरणात आहे, हे येथील व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. धरण भरले की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे पाहण्यास आजही माणसे जातात.

धरणाच्या पुढे रस्ता जलाशयाच्या कडेने वळणे घेत दाजीपूरकडे चढतो आणि पुढे फोंडा घाटाने कोकणात उतरतो. येथून रान दाट होते. संस्थानी काळात ही शिकारीची राखीव जंगले होती. त्यामुळे कुऱ्हाडीपासून ती बचावली. १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले; महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले. पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांतील महाराष्ट्राच्या वाट्याची चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ यांचे निमसदाहरित रान, त्याखाली कारवीची दाटी, आणि मधूनमधून सावराईच्या सड्यासारखी जांभ्याची उघडी पठारे असे या अरण्याचे रूप आहे. गवा पाहावयास येणारा प्रवासी बहुधा शिवगडापर्यंत फिरून परततो. त्याच्या डोक्यावरच्या पानांआड जो बसलेला असतो, त्याच्याकडे मान वर करून पाहणारे थोडे.

मान वर केली तरी पावशा दिसेलच असे नाही. पारव्याएवढा, सुमारे ३४ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी. शेपूटच त्यात बरीच जागा घेते. पाठ राखी, पोट पांढुरके आणि त्यावर तपकिरी आडव्या रेघा, रुंद शेपटीवर गडद पट्टे, डोळ्याभोवती पिवळे कडे. नर-मादी सारखेच दिसतात. हे वर्णन ज्याने शिक्रा पाहिला आहे त्याच्यापुढे केले तर तो म्हणेल, हा तर शिक्राच. तसेच आहे. रंग शिक्र्याचा, पट्टे शिक्र्याचे, उडणेसुद्धा शिक्र्याचे: चार-सहा वेळा पंख मारावयाचे, मग तरंगत जावयाचे, आणि फांदीजवळ आल्यावर खालून वर झेप घेऊन बसावयाचे. बसल्यावर शेपूट डावी-उजवीकडे हलते तीही त्याच धाटणीने. पाखरे फसतात. पावशा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला की लहान पक्ष्यांत एकच कल्लोळ होतो. काही पळतात, काही त्याच्यामागे लागतात. फरक चोचीत आणि पायांत आहे. शिक्र्याची चोच आकडीसारखी आणि नख्या पकडीसारख्या. पावशाची चोच साधी आणि पाय दुबळे. वाघाचे कातडे पांघरलेल्या प्राण्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकलेल्या असतात. येथे ते कातडे जन्मतःच अंगावर आहे.

पाश्चात्त्य शास्त्रात या पक्ष्याचे नाव हायरोकॉक्सिक्स व्हेरियस असे आहे. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ व्हाल याने १७९७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. कोकिळेच्या कुळात जगभर दीडशेच्या आसपास जाती आहेत. हे सारे कुळ दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे आहे अशी सार्वत्रिक समजूत असते, ती खरी नाही. निम्म्याहून अधिक जाती स्वतः घरटे बांधून आपली पिल्ले आपणच वाढवतात. ज्याचे दर्शन आपल्याकडे शुभ मानतात तो तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज याच कुळातला, आणि तो चांगला संसारी आहे. घराजवळच्या आंब्यावर कुहूकुहू करणारा कोकीळ मात्र पावशाच्या पंथाचा. त्याची मादी कावळ्याच्या घरट्याचा आश्रय घेते. चातकही त्याच पंथाचा. चातक आणि पावशा एकच, असे पुष्कळांस वाटते, आणि उत्तरेकडील पपीह्याच्या वर्णनांनी त्या घोटाळ्यात भर घातली आहे. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला आणि बराचसा पावसाबरोबर आफ्रिकेकडून येणारा. पावशा येथलाच, बाराही महिने येथे राहणारा. हिवाळ्यात तो मुका असतो, म्हणून तो परदेशी गेला असे लोक समजतात.

पावशाचे यजमान म्हणजे सातभाई. मळकट तपकिरी अंगाचे, पिवळसर डोळ्यांचे, सहा-आठांच्या टोळीने बांधावर पालापाचोळा उलथीत कलकलाट करणारे हे पक्षी खेड्यातल्या प्रत्येक पोरास ठाऊक आहेत. उत्तरेत यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. व्यापारी घरातील वाचकांस या पक्ष्यांचा संसार परका वाटू नये, कारण तो खऱ्या अर्थाने एकत्र कुटुंब आहे. टोळीत एका जोडप्याची वीण असली तरी पिल्लांच्या तोंडी घास घालण्यास थोरली भावंडे, काका-आत्या सारेच राबतात. बाकीचे चरत असताना एक जण उंच बसून पहारा करतो. साप किंवा मांजर दिसले की सगळी टोळी एकवटून त्याच्यावर तुटून पडते. भांडणेही होतात, पण टोळी फुटत नाही.

अशा घरात पावशाची मादी आपले अंडे ठेवते. सातभाईचे अंडे निळे, पावशाचेही तसेच निळे. त्यामुळे संशय येत नाही. एका घरट्यात साधारणतः एकच अंडे. पिल्लू बाहेर आले की बहुतेक वेळा यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलली जातात आणि सारा घास त्या एकट्याच्या वाट्याला येतो. युरोपातील कोकिळेचे नवजात, डोळेही न उघडलेले पिल्लू हे काम स्वतः पाठीने रेटून करते, हे प्रथम पाहून लिहिणारा गृहस्थ एडवर्ड जेन्नर होता. देवीची लस शोधून काढणारा तोच हा वैद्य. त्याचा हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७८८ मध्ये आला आणि कितीतरी वर्षे लोकांनी तो खोटा मानला. पावशाच्या बाबतीत मात्र हा नियम सरसकट लागू होत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या डॉक्टर जेर्डन याने नोंदवले आहे की पावशाची पोर आणि सातभाईंची पोरे एकाच टोळीत बरोबरीने हिंडताना दिसतात. म्हणजे कधी कधी यजमानाची मुलेही वाचतात आणि सातांच्या कुटुंबात एक आठवा वाढतो.

या वर्तनावर माणसाने रागवावे काय, हा प्रश्न आपल्या घरांत हटकून निघतो. लहान मुले तर लगेच पावशाला लबाड ठरवतात. पण लबाडीला हेतू लागतो, आणि येथे निवड करण्यास जागाच नाही: पावशाला घरटे विणता येत नाही, ती कला त्या जातीतून केव्हाच लोपली आहे. सातभाईंच्या टोळ्या हजारो वर्षे हा भार सोसूनही बांधाबांधांवर नांदत आहेत. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. जन्मापासून सातभाईंचा कलकलाट ऐकत वाढलेले पिल्लू मोठे झाल्यावर सातभाईंसारखे ओरडत नाही. आईबापांचा स्वर त्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी पुढच्या चैत्रात ते अचूक ‘पेरते व्हा’ म्हणते.

पावशाचे मुख्य खाणे म्हणजे सुरवंट, त्यांतही ज्यांना इतर पक्षी शिवत नाहीत ते केसाळ. त्याखेरीज किडे, आणि उंबर-वडाची फळे. म्हणून जेथे जुने उंबर-वड आणि त्यांना लागून दाट झाडोरा, तेथे पावशा. आणि जेथे झुडपांचे कुंपण, तेथे सातभाई. दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. दाजीपूरचे घनदाट रान संपून शेते जेथे सुरू होतात ती सीमा, देवरायांच्या कडा, गावालगतच्या आमराया ही पावशाची खरी वस्ती आहे. नुसते अभयारण्य राखून त्याचे भागत नाही. करवंद-घाणेरीची कुंपणे जाऊन तारा आल्या, बांध कोरून ऊस थेट रस्त्यापर्यंत आला, की सातभाईंना घरट्याची जागा राहात नाही, आणि मग पावशालाही नाही. हळदी-परित्याच्या सलग उसातून जाताना जी शांतता जाणवते तिचे कारण हेच असावे.

आता हाकेच्या अर्थाकडे यावे लागते, कारण या जिल्ह्यात त्या अर्थावर पैसा लागलेला असतो. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या पश्चिमेच्या तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी करतात. वळवाच्या सरींनी जमीन मऊ झाल्यावर ती नांगरून, ढेकळे फोडून तिची धूळ करावयाची आणि रोहिणी नक्षत्रात, म्हणजे साधारण २५ मेच्या पुढे, पाऊस येण्याआधीच कोरड्या मातीत कुरीने बी पेरावयाचे, अशी ही पद्धत आहे. मृगाचा पाऊस वेळेवर आला की बी एकदम उगवते आणि पुढच्या धो-धो पावसाआधी रोप पाय रोवून उभे राहते. या पेरणीच्या ऐन दिवसांत रानातून पावशा कानीकपाळी ओरडत असतो. ‘पेरते व्हा’ हे शब्द त्याच्या तोंडी घालणारा पहिला शेतकरी अशाच एखाद्या धुळीच्या वावरात उभा असेल.

परंतु पक्ष्याला पावसाची बातमी असते काय? पक्ष्यांच्या विणीचा काळ वाढता दिवस आणि खाद्याची उपलब्धता यांवर ठरतो. पावशाच्या बाबतीत त्यांना सातभाईंच्या घरट्यांची जोड असते. सातभाई उन्हाळ्यात घरटी बांधतात, म्हणून पावशा उन्हाळ्यात ओरडतो. त्याची हाक मार्चपासून चालू असते. आपण ती जूनच्या तोंडावर लक्ष देऊन ऐकतो, इतकेच. २०२३ साली मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोहोचला, ११ जूनला दक्षिण कोकणात आला आणि पुढे जवळजवळ दोन आठवडे खोळंबून राहिला. २०२५ साली तोच पाऊस केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला हजर झाला. दोन्ही वर्षी कोल्हापूरच्या रानात पावशाची वीण आपल्या ठरल्या महिन्यांतच होती. एका वर्षी त्याचे ऐकून पेरलेले बी आभाळाकडे पाहात पडून राहिले असेल, दुसऱ्या वर्षी धुळीऐवजी चिखल झालेल्या वावरात कुरी घालता आली नसेल.

बी कोरड्या धुळीत पडून राहिले तर फारसे बिघडत नाही. धूळवाफेची योजनाच तशी आहे. संकट येते ते अर्धवट ओलीने. वळवाची एखादी जोराची सर येते, बी फुटते, आणि मग पंधरा दिवस ऊन तापते. कोवळे अंकुर जळतात आणि दुबार पेरणीची वेळ येते. तेव्हा शेतकरी दुकानाच्या पायरीवर पुन्हा येतो. पहिले बियाणे आणि खत उधारीवरच गेलेले असते, त्याची जमा सुगीनंतर होणार असते. दुसऱ्या बियाण्याची उधारी त्याच खात्यावर चढते. तालुक्याच्या गावी बी-बियाण्याचे दुकान चालवणाऱ्या जुन्या घरांत अशा वर्षांच्या वह्या अजून जपून ठेवलेल्या असतात, आणि त्या वह्यांत न वसूल झालेल्या रकमा कोणाच्या व किती, हे थोरल्यांना तोंडपाठ असते. आज हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर मिळतो, पीककर्जाच्या तारखा ठरलेल्या असतात. तरी मे महिन्याच्या अखेरीस कोणी शेतकरी दुकानात येऊन ‘पावशा ओरडायला लागलाय, बी द्या’ म्हणाला, तर त्याला हसू नये. पक्षी पावसाची तारीख सांगत नाही, पण ऋतू बदलल्याचे खरेच सांगतो; वावर तयार ठेवण्यास ती सूचना पुरेशी आहे. बी फोडण्याचा दिवस मात्र आभाळ आणि अंदाज पाहून ठरवावा, आणि दुकानदाराने दुसऱ्या पेरणीचे थोडे बियाणे शिलकीत ठेवावे. अनुभवी घरे हे पूर्वीपासून करीत आली आहेत.

दाजीपूरला जावयाचे असल्यास एप्रिल किंवा मे हे महिने उत्तम. पावसाळ्यात जंगलातील रस्ता प्रवाशांस बंद असतो. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी रानाच्या कडेला पोहोचावे, वाहन बंद करावे आणि लहान मुलांनाही काही वेळ बोलू देऊ नये. मोबाइलवर पक्ष्याचा ध्वनी वाजवून त्याला जवळ बोलावण्याची टूम अलीकडे निघाली आहे, ती टाळावी. विणीच्या दिवसांत खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावून पक्षी हकनाक दमतो. वृद्धांस घाटाचा प्रवास झेपत नसेल तर पन्हाळ्याच्या तबक उद्यानात किंवा विद्यापीठाच्या परिसरातील झाडीत कान द्यावा.

श्रावणाच्या सुमारास हाक विरळ होते आणि पुढे थांबते. भाद्रपदात खाचरांतील भात पोटरीला आलेले असते, तेव्हा बांधावरच्या सातभाईंच्या टोळीत एखादा वेगळा पक्षी दिसण्याचा संभव असतो. तो टोळीतील इतरांपेक्षा मोठा, लांब शेपटीचा आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके असलेला असतो. तो जमिनीवर उतरून पाला उलथीत नाही. फांदीवर बसून चोच उघडतो, आणि टोळीतील कोणी ना कोणी वर जाऊन तीत घास घालतो.